गवत काढण्याचं काम

दुखान म्हणजे अरबीत धूर.
फोनवर आईला ऐकू येतं दुखणं,
आणि ती विचारते, आता कसं आहे.
मी म्हणतो, बरं आहे.

इथल्या क्लबातली हिरवळ माझी.
म्हणजे कागदावर नाही.
अकरा उन्हाळे सांडपाणी गाळून पाजलं,
रात्री दोनला उठून स्प्रिंकलरच्या तोंडातला क्षार
दाभणानं काढला,
बर्म्युडा गवताच्या मुळांना वाळूत
चार बोटं खाली जायला शिकवलं.

मार्चमध्ये समितीनं ठराव केला:
मूळ मैदान परत आणायचं.
मूळ म्हणजे तेल कंपनीच्या साहेबांनी आखलेलं,
विमानातून काढलेल्या फोटोतलं,
ज्यात गवताचं एक पातं नाही.
नुसती वाळू, चुना फासलेल्या दगडांच्या ओळी
आणि अठरा काळपट गोल,
तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीसारखे.
त्यांना ब्राउन म्हणायचे. ग्रीन नाही, ब्राउन.

स्कॉटलंडहून लॉकहार्ट नावाचा तज्ज्ञ आला.
फोटो जमिनीवर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार चेंडू ठेवले
आणि मला विचारलं, इथं खाली काय आहे?
माझं गवत.
त्याच्याखाली?

त्याच्याखालचं मुराद बख्शला माहीत होतं.
बलुची, सत्त्याहत्तरीचा, गुडघे गेलेले,
पोरवयात साहेबांच्या पिशव्या वाहिलेला.
प्लास्टिकच्या खुर्चीसकट गाडीवर चढवून
आम्ही त्याला सगळीकडे फिरवला.
सातव्या होलवर तो उतरला, चपला काढल्या,
टाचेनं चाचपत गेला, थांबला.
"यहाँ."
खणलं. दीड फुटावर
वाळू काळी, घट्ट, अजून तेलाचा वास.
लॉकहार्ट टाळ्या वाजवायला लागला.
मला वाटलं मुराद रडेल.
तो म्हणाला, चाय है?

मग यंत्रानं हिरवळ सोलली.
सोलताना तिचा आवाज होतो,
जुनी गादी उसवावी तसा.
गुंडाळ्या ट्रकमध्ये चढल्या, दोनशे चौदा.
मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

मिश्रण मुरादनं सांगितलं:
समुद्राची वाळू नको, मीठ फुगतं.
आतल्या टेकड्यांची, दोनदा चाळलेली.
तेल इतकंच, की मुठीत लाडू वळावा,
तळहाताला डाग राहावा, थेंब नको.
मी वळला. आईनं नापास केला असता.
मुराद म्हणाला, चलेगा.

रोलर फिरला. मग पोतं गुंडाळलेली नळी
ओढत नेली, बाहेरून आत, गोल गोल.
मागं उमटलेल्या रेघा पाहून हात थांबला.
अरे, हे तर सारवण.
टेकबहादूर शेजारी येऊन म्हणाला, हमारे यहाँ भी.
आम्ही दोघं त्या तेलकट सारवणाकडे बघत उभे,
कुणाच्या तरी घरी सण असल्यासारखे.

उद्घाटनाला सभासद आले,
प्रत्येकाच्या बगलेत कृत्रिम हिरवळीचा तुकडा,
पायपुसण्याएवढा.
चेंडू त्यावर ठेवायचा, मारायचा, तुकडा उचलायचा, पुढे.
जुनीच रीत, लॉकहार्ट म्हणाला, फार देखणी.
गवत आता लोकांबरोबर चालत होतं
आणि पाणी मागत नव्हतं.

चेंडू ब्राउनवर सुरेख धावतो, खोटं कशाला बोलू.
गवतावर तो अडायचा, विचारात पडायचा.

फक्त सकाळी तो हुदहुद्या येतो, तुरेवाला,
किड्यांसाठी, नेहमीच्या वेळेला.
सातव्यावर उतरतो. चोच खुपसतो.
डोकं झटकतो. दोन पावलं सरकून पुन्हा खुपसतो.
मग काळी झालेली चोच चुन्याच्या दगडावर
एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं
पुसत बसतो.

कॅम्पच्या मागं, एसीचं पाणी गळतं तिथं,
दोनशे पंधरावी गुंडाळी अंथरलेली आहे.
ती त्याला अजून सापडलेली नाही.
मॅनेजरलाही.